एलएम 3914 चे एलईडी किट: काही महिन्यांच्या वापरानंतर

किरणोत्सवात मावळतीची किरणे अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात, तसा प्रकाश देवघरातल्या तसबिरीमागे खालून वर चढावा, एवढ्यासाठी मी कोल्हापुरातल्याच एका दुकानातून हे किट घेतले. त्यातली एलएम 3914 ही आयसी (चिप) व्होल्टेज वाढेल तसे दहा एलईडी एकामागून एक पेटवते. नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखांच्या किरणोत्सवापासून ते रोज संध्याकाळी चालू आहे.

परवा वरचे एलईडी लुकलुकू लागले आणि आयसीला बोट लावणे अशक्य झाले. सोल्डर केलेला माल बदलून मिळणार नाही, असे दुकानदाराने सांगितले. कारण मात्र किटच्या आराखड्यातच आहे. 9 क्रमांकाची पिन 3 क्रमांकाच्या पिनेला जोडलेली असल्यामुळे एलईडी पट्टीसारखे एकत्र पेटतात. दहाही पेटले की प्रत्येकी 10 मिलिअँपिअरने, 12 व्होल्टपैकी एलईडीचे 2 व्होल्ट वजा जाता, आयसीत सुमारे 1 वॅट उष्णता होते. एलईडींच्या सामाईक तारेत 68 ओहमचा 2 वॅटचा रेझिस्टर घातला आणि त्याच्या पुढे जमिनीशी 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला. आता बरीच उष्णता रेझिस्टर घेतो, म्हणून आयसीतील उष्णता 0.4 वॅटच्या आत राहते आणि लुकलुकणे थांबले आहे.

माझी खरी तक्रार गतीबद्दल आहे. पहिले काही आठवडे मला हे किट उत्तम वाटले होते. पण रोज पाहू लागल्यावर प्रकाश पायांपाशी धावतो आणि मुखाजवळ रेंगाळतो, हे खटकू लागले. आयसीला चढते व्होल्टेज देणारा, किटमधला 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) 5 व्होल्टवरून 100 किलोओहममधून भरतो आणि दहावा एलईडी 4.5 व्होल्टला लागतो. कपॅसिटर जसजसा भरतो तसतसा त्यात जाणारा प्रवाह कमी होत जातो, त्यामुळे पहिला एलईडी एका सेकंदाच्या आत पेटतो, तर नवव्यानंतर दहाव्यासाठी सहा सेकंदांहून अधिक थांबावे लागते. आयसीतील दहाही पायऱ्या समान अंतरावर आहेत. विषमता फक्त भरण्यात आहे.

उपाय दोन-तीन रुपयांचा आहे. 100 किलोओहमच्या जागी 12 व्होल्टवर चालणारा, बीसी 557 ट्रान्झिस्टरचा सुमारे 22 मायक्रोअँपिअरचा स्थिर प्रवाहस्रोत, म्हणजे सतत एकसारखा प्रवाह देणारी जोडणी, बसवला, की व्होल्टेज सरळ रेषेत चढते आणि दर दोन सेकंदांना एक एलईडी पेटतो. प्रवाह इतका थोडा असल्यामुळे कपॅसिटर कमी गळतीचा घ्यावा. जुना, गळती वाढलेला कपॅसिटर वरच्या पायऱ्यांवर पुन्हा तीच रखडपट्टी करतो.

हा बदल केल्यापासून माझे मत पुष्कळ सुधारले आहे. मायक्रोकंट्रोलर किंवा प्रोग्रॅम यांपैकी कशाचीही गरज न पडता प्रकाश आता संथ, एकसारखा चढतो, आणि घरातली मंडळी आरतीनंतरही तो मुखापर्यंत पोहोचेपर्यंत थांबतात. किट बनवणाऱ्याने मात्र एका ट्रान्झिस्टरची काटकसर करून चांगल्या आयसीचे काम बिघडवले आहे, म्हणून मी पूर्ण किटऐवजी सुटे भाग आणि साधा छिद्रांचा बोर्ड घेण्याचाच सल्ला देईन.