जीपला टर्बो डिझेल बसवताय? बोलेरोचा सायलेन्सर की नवी लाइन

महिंद्राच्या एमएम ५४० जीपमधलं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन थकलं, की अनेकांची नजर बोलेरोच्या २५२३ सीसी टर्बो इंजिनाकडे जाते. इंजिन मिळतं, माउंटिंग (इंजिन चासीवर बसवायचे आधार) बनतं, आणि सायलेन्सरचं मात्र ‘नंतर बघू’ होतं. माझा आग्रह नेमका उलटा आहे. माउंटिंग वेल्डिंगच्या नुसत्या कच्च्या ठिपक्यांवर उभं असतानाच टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाच्या) तोंडापासून मागच्या बंपरपर्यंतचा रस्ता ठरवा. तेव्हा इंजिन १५ मिलिमीटर सरकवणं सोपं असतं. एकदा पक्कं वेल्डिंग झालं, की स्टार्टर, ब्रेकच्या नळ्या आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) यांच्यामधून पाइप कसाबसा कोंबावा लागतो. आणि त्याहीआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणी पुस्तकातलं इंजिन मनाने बदलता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. बोलेरोचाच पाइप-सायलेन्सरचा संच कापून जोडला तर टर्बोची फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, आयती जुळते. सायलेन्सर त्याच इंजिनासाठी बनलेला असतो, त्यामुळे आवाजाची चिंता नाही आणि खर्चही कमी. पण बोलेरोची चासी लांब, जीपची आखूड. मधला पाइप तीन-चार ठिकाणी कापावा लागतो, हँगरच्या (पाइप चासीला टांगणाऱ्या आधारांच्या) जागा चुकतात, आणि प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा होते. जुना सायलेन्सर घेताना हातात धरून हलवून बघा. आत काही खुळखुळलं किंवा गंजाचा चुरा पडला, तर तो सोडून द्या.

नवी लाइन बनवायची तर व्यास आणि बेंड दोन्ही तुमच्या हातात येतात. टर्बोनंतर वाट जितकी मोकळी तितकं बरं. २ इंचांऐवजी अडीच इंची पाइप घेतला तर आतलं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. मात्र साध्या प्रेसवर वाकवलेला पाइप वळणावर चेपतो आणि ही कमाई तिथेच जाते. तयार मँड्रेल बेंड, म्हणजे आतून आधार देऊन न चेपता वाकवलेले तुकडे, आणून जोडा. कारागीर चांगला असेल तर वाळू भरून, तापवून वाकवलेला पाइपही चालतो.

मी स्वतः मधला रस्ता निवडेन: फ्लँजसह पुढचा तुकडा बोलेरोचा, सायलेन्सर त्याच इंजिनाचा पण नवा, आणि मधली लाइन ताजी बनवलेली.

पाइप एमएसचा (माइल्ड स्टील, साधं पोलाद) की स्टेनलेसचा, यावर गॅरेजमध्ये बराच वाद चालतो. १६ गेज जाडीचा एमएस पाइप स्वस्त, कुठल्याही गावात वेल्ड होणारा. देशावर रोज लांब चालणाऱ्या गाडीला तो पुरतो. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत, किंवा गाडी रोज चार किलोमीटरच जात असेल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही आणि सायलेन्सर आतून सडतो. ४०९ ग्रेडचं स्टेनलेस या दोघांच्या मधलं: चुंबक चिकटतो, वरवर तांबूस होतं, पण टिकतं.

३०४ च्या दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ असं समजू नका. कमी निकेलच्या २०२ लाही तो चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. दुसरं म्हणजे ३०४ तापल्यावर जास्त वाढतो. दोन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर एमएस साधारण ७ मिलिमीटर वाढतो, ३०४ सुमारे १०. ही वाढ सामावून घ्यायला जागा नसेल तर टर्बोकडचं वेल्ड तडकतं. जोड आर्गन वेल्डिंगने करा आणि पाइपच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूने वेल्ड जळून काळं, खडबडीत होतं.

म्हणून कोणताही धातू घ्या, टर्बोनंतर लगेच फ्लेक्सी पाइप (लवचीक तुकडा) आणि चासीला रबरी हँगर यांत काटकसर नको. डिझेल इंजिन बंद करताना ते माउंटिंगच्या रबरांवर जोरात हलतं. फ्लेक्सी नसेल तर तो सगळा झटका टर्बोवर येतो.

पक्कं वेल्डिंग मारण्याआधी पुढचं एक चाक जॅकवर पूर्ण उचलून ॲक्सल आणि शाफ्ट पाइपला लागत नाहीत ना, हे पाहा. मग दुसरं चाक उचला. डिझेलच्या नळ्यांजवळ पत्र्याचा आडोसा लावा. आणि कापडी हूडच्या जीपमध्ये पाइपचं तोंड मागच्या फळीच्या बाहेर काढा, कारण चालत्या गाडीमागे हवा आत ओढली जाते आणि मागच्या बाकावरची मुलं तोच धूर श्वासात घेतात.