बोन्सायमध्ये टाइप बनवताना: पावसाळ्यापासूनचा अनुभव

इमारतींची मॉडेलं बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या नूतनीकरणावरून यंदा विक्रेत्याशी चांगलंच वाजलं. मागच्या वर्षीचा दर मागितला, तर त्याने फोन घेणंच बंद केलं. आमचं ऑफिस तीन माणसांचं. दरवर्षी एवढे पैसे भरायचे, आणि थांबलो तर इतक्या वर्षांत आम्हीच बनवलेली दारं-खिडक्यांची लायब्ररीही कुलुपात. हे मला पटत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि त्यावर चालणारं, इमारतींच्या मॉडेलसाठीचं बोन्साय घेतलं. २०२४ पर्यंत बोन्सायचं नाव ब्लेंडरबिम होतं. फुकट आहे, फाइल थेट आयएफसीमध्येच (इमारतीच्या माहितीसाठीचं खुलं प्रमाणक, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारं) राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी फक्त टाइपबद्दल, म्हणजे एका प्रकारच्या भिंतीच्या, दाराच्या किंवा खिडकीच्या साच्याबद्दल लिहितो, कारण रोजचं काम त्यावरच अडतं किंवा पुढे सरकतं.

सुरुवातीला चिडचिड झाली. साधी भिंत ओढायची तरी आधी भिंतीचा टाइप हवा, त्याला मटेरियलचे थर हवेत, थरांना जाडी हवी. घाईच्या स्केचसाठी हे जड जातं. पहिल्या आठवड्यांत मी स्पष्ट म्हणत होतो की हे लहान ऑफिसचं काम नाही.

मत बदललं ते बिल्डरच्या एका निरोपाने. बाहेरच्या भिंती १५० मिमी एएसी ब्लॉकच्या (हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या) होत्या, त्या २०० करा म्हणाला. टाइपमधल्या एका थराची जाडी बदलली आणि सातही मजल्यांवरच्या बाहेरच्या भिंती बदलल्या. पण खरी मजा पुढे आहे. थर किती जाड हे टाइप ठरवतो. तो थर भिंतीच्या संदर्भरेषेच्या (ज्या रेषेवर भिंत काढतो तिच्या) कोणत्या बाजूला किती सरकवायचा, हे प्रत्येक भिंत स्वतःजवळ ठेवते. आम्ही रेषा बाहेरच्या पृष्ठभागावर ठेवली होती, त्यामुळे जाडी आतल्या बाजूला वाढली. रेरा कायद्याच्या कार्पेट एरियात (फ्लॅटच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात) बाहेरच्या भिंती धरत नाहीत, म्हणजे प्रत्येक फ्लॅटचा कार्पेट कमी झाला. ते आकडे त्याच दिवशी बिल्डरसमोर ठेवता आले. रेषा कुठे ठेवायची हे भिंती काढण्याआधीच ठरवा, एवढं तरी माझं ऐका.

आता तक्रार, आणि माझ्या लेखी ती मोठी आहे. खिडकीचा टाइप स्वतःचं ओपनिंग, म्हणजे भिंतीत सोडायची मोकळी जागा, सोबत आणत नाही. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये विंडो फॅमिलीतच (खिडकीच्या साच्यातच) कट असतो, खिडकी ठेवली की भिंत कापली जाते. आयएफसीच्या रचनेत ओपनिंग हा वेगळा घटक आहे: भिंतीला छेद देण्याचं नातं एक, त्या छेदात खिडकी बसवण्याचं नातं दुसरं. बोन्सायमध्ये खिडकी ठेवताना ओपनिंग आपोआप तयार होतं, तरी ते त्या त्या जागेचंच असतं, टाइपचं नाही. डब्ल्यू१ नावाची खिडकी म्हणजे १५०० बाय १२०० मिमी, हे टाइपला माहीत. साइटवर जे सोडायचं ते ओपनिंग, म्हणजे ग्रॅनाइटच्या चौकटीसाठीची जागा धरून येणारं माप, त्याला टाइपमध्ये हक्काचं घरच नाही. मिस्त्रीला हवं असतं ते नेमकं हेच माप! आम्ही प्रत्येक खिडकीच्या टाइपला 'सोडायची रुंदी' आणि 'सोडायची उंची' असे दोन स्वतंत्र गुणधर्म जोडले आणि शेड्यूल (दारं-खिडक्यांची यादी) त्यावरूनच काढतो. टाइपचं माप बदललं की भिंतीतली ओपनिंगं एकदा डोळ्यांखालून घालतो. चालतं, पण प्रमाणक ठरवणाऱ्यांनी हे आधीच सोडवायला हवं होतं असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण लहान आहे. खिडकीच्या फ्रेमची, तावदानांची मापं बोन्साय आपल्याच एका गुणधर्मसंचात साठवतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरला आकार दिसतो, पण त्या संचावरून तिथे खिडकी लहान-मोठी करता येईल असं धरून चालू नका.

गुणधर्मांबाबत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. टाइपवर लिहिलेलं सगळ्या प्रतींना (त्या टाइपच्या प्रत्यक्ष बसवलेल्या दारं-खिडक्यांना) लागू, आणि एखाद्या प्रतीवर तोच गुणधर्म वेगळा लिहिला तर प्रतीचा खरा. फ्लश डोअरचा टाइप एकच ठेवून एखादंच दार बाहेरचं म्हणून नोंदवता येतं. अग्निरोधक दारासाठी तरीही वेगळाच टाइप करा. वस्तूच वेगळी आहे, खरेदीही वेगळी होते.

सल्लागार आयएफसी २एक्स३ ही जुनी आवृत्ती मागत असतील तर आधीच बोलून घ्या. त्यात दारं-खिडक्यांना 'टाइप' नाहीत, 'स्टाइल' आहेत; खरे टाइप २०१३ च्या आयएफसी४ पासून आले. आम्ही कराराच्या पत्रातच आयएफसी४ लिहून टाकतो.

आमची लायब्ररी आता एक साधी आयएफसी फाइल आहे. नव्या प्रकल्पात तिच्यातून हवे तेवढेच टाइप उचलतो. जिन्याचे आणि रेलिंगचे टाइप अजून झालेले नाहीत, दिवाळीनंतर घेणार आहे. लायसन्सचे वाचलेले पैसे रॅम वाढवण्यात गेले, आणि ते मला जास्त पटलं.