तिवरावरची अळी: ड्रोनने फवारायचंच असेल तर काय निवडावं?

पावसाळा सरत आला की ठाणे खाडीकाठची तिवरं पाहता पाहता तपकिरी पडतात. जवळून पाहिलं तर पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात आणि चिखलावर काळ्या लेंड्यांचा सडा. सागाची पानं फस्त करणारी हायब्लिया प्युएरा ही अळी तिवरावरही तुटून पडते. मग ‘ड्रोनने औषध मारा’ ही मागणी आलीच. परवानगी देण्याचा निर्णय ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यासाठी हा आढावा.

पहिला पर्याय डायफ्लुबेन्झुरॉन या कीटकनाशकाचा. त्याचा परिणाम बराच टिकतो. अळी कात टाकते तेव्हा ते नव्या कवचातलं कायटिन हे कडक द्रव्य तयार होऊ देत नाही. पण चिंबोरी आणि कोळंबीचं कवचही कायटिनचंच, आणि वाढताना त्याही कात टाकतात. कोळ्यांच्या जाळ्यात येणारं हेच पोटापाण्याचं धन. त्यामुळे खाडीवर हे औषध नकोच. वरून फवारलेलं औषध पाण्यात उतरतंच: कॅनडात १९५० च्या दशकात स्प्रूस झाडांवरच्या अळीसाठी विमानातून डीडीटी हे कीटकनाशक फवारलं, तेव्हा मिरामिची नदीत सामन माशांची पिल्लं मेली होती.

दुसरा पर्याय बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा. ही फवारणी मासे-चिंबोऱ्यांना त्रास देत नाही, कॅनडानेही पुढे तीच धरली. मात्र अळीने ती खाल्ली तरच उपयोग. उन्हात काही दिवसांत तिचा जोर ओसरतो, पाऊस धुऊन नेतो, आणि मोठ्या अळ्या सहज दाद देत नाहीत. फुलपाखरांच्या अळ्याही मरतात, हे विसरू नये.

तिसरा पर्याय विषाणूचा. केरळच्या पीची इथल्या वन संशोधन संस्थेने याच अळीला आजारी पाडणाऱ्या एनपीव्ही नावाच्या विषाणूवर काम केलंय. तो इतर कीटकांना सोडून देतो, म्हणून मला सर्वांत पटतो. अडचण एवढीच की तो दुकानातून उचलून आणायची वस्तू नाही.

चौथा पर्याय, काहीच न फवारण्याचा. अळीचा मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा, नंतर ती कोषात जाते आणि तिवराला पुन्हा पालवी फुटते. म्हणूनच औषधाची चाचणी घेताना बिनफवारणीचा पट्टा हवाच, नाहीतर कुठलंही औषध यशस्वी दिसेल. दोन्ही पट्ट्यांतल्या ठरावीक फांद्यांवरच्या अळ्या आधी आणि नंतर मोजा. थेंब कुठवर पोचतात ते कळायला पाण्याने निळे डाग पडणारे पिवळे कागद फांद्यांवर आणि खाली पाण्याच्या कडेलाही लावा. फवारणी पहाटे, ओहोटीला, खारे वारे सुटण्याआधी. फवारणी करणारी कंपनी ‘आधी-नंतर’चे फोटो दाखवेल, तेव्हा न फवारलेल्या पट्ट्याचे त्याच दिवशीचे फोटो मागून घ्या.