कूलिंग टॉवरचं लाकूड कुजलं: पुन्हा सीसीए लाकूड की एफआरपी?

कोटेशनं मागवण्याआधी कुज टॉवरमध्ये नेमकी कुठे आहे ते पाहा. अर्धा निर्णय तिथेच होतो. (सीसीए म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेलं कुजरोधक औषध दाबाने मुरवलेलं लाकूड; एफआरपी म्हणजे काचेच्या तंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक.)

सतत पाणी पडणाऱ्या फिलमध्ये, म्हणजे पाणी पसरवून थंड करणाऱ्या पट्ट्यांच्या थरांत, बहुधा मऊ कुज असते. केटोमियमसारख्या बुरश्या ती घडवतात. पृष्ठभाग काळपट होतो, नखाने खरवडता येतो आणि वाळला की त्यावर चौकोनी बारीक भेगा पडतात. आतलं लाकूड मात्र टणक असतं. १० मिमीच्या पट्टीची दोन्ही बाजूंनी २ मिमी झीज झाली, तर वाकण्याला तोंड देण्याची तिची ताकद साधारण ३६ टक्क्यांवर येते. ५० मिमीच्या तुळईत तेवढीच झीज झाली तरी ८५ टक्के ताकद उरते. म्हणून अशा टॉवरमध्ये पट्ट्या बदलायच्या आणि सांगाडा ठेवायचा, हेच योग्य.

एलिमिनेटर (हवेबरोबर उडणारे थेंब अडवणारा भाग), प्लेनम (फिल आणि पंख्यामधली पोकळी) आणि फॅन डेकखाली (पंखा बसवलेल्या छताखाली) प्रकार वेगळा. तिथे लाकूड ओलं असतं, पण पाण्याने पूर्ण भरलेलं नसतं. बुरशीला हवा मिळते आणि ती बोल्टच्या भोकांतून गाभ्यात शिरते. वरून खांब धडधाकट दिसतो. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला की ड्रिल मारा. निरोगी लाकडाचा लांब कीस निघतो, कुजलेल्याचा तपकिरी भुगा. ही तपासणी प्रत्येक जोडापाशी करा. टोच्याने वरवर टोचून गाभ्यातली कुज कळत नाही.

सीसीए लाकडाचा फायदा म्हणजे जुन्या जोडांत ते सहज बसतं, सुताराला जागेवर काम करता येतं. पण औषध बाहेरच्या थरातच मुरतं. कापणं, भोकं पाडणं हे सगळं प्रेशर ट्रीटमेंटच्या आधी करून घ्या; साइटवर केलेला प्रत्येक काप बुरशीला उघडी वाट देतो. बोल्ट स्टेनलेस किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवेत. शिवाय पाण्याचा पीएच ८ च्या खाली आणि मोकळा क्लोरीन १ पीपीएमच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन विरघळून लाकडाचे पांढरे तंतू सुटतात.

एफआरपी कुजत नाही. त्याची दुखणी वेगळी: कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्या नाहीत तर पाणी आत शिरतं, उन्हाने वरचं रेझिन झिजून काचेचे तंतू उघडे पडतात, बोल्ट जास्त आवळला तर भोकाभोवती तडा जातो. ऑर्डरमध्ये अग्निरोधक रेझिन स्पष्ट लिहा, आणि पाणी जास्त गरम असेल तर व्हिनिल एस्टर रेझिन मागा.

गाभ्याची कुज एखाद्या-दुसऱ्या खांबापुरती असेल तर लाकूडच घाला. ओळीने खांब पोकळ लागले तर आमचा कौल एफआरपीला, तोही पूर्ण बे (खांबांमधला एक गाळा) एकदम बदलून. लाकूड ओलाव्याने फुगतं-आकसतं, एफआरपी जवळपास नाही. एकाच चौकटीत दोन्ही मिसळले की जोड ढिले होतात.

काढलेलं सीसीए लाकूड बॉयलरमध्ये जाळू नका, धुरात आणि राखेत आर्सेनिक येतं.