म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मे एंड: काय घ्यायचं आणि मी कुठे फसले

पाचपैकी चार तारे. एक तारा कापलाय तो डझनभर आंब्यांमुळे, त्याचं पुढे सांगते.

आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो, चार वर्षं झाली, मूळचे कोल्हापूरचे. पर्वरीहून म्हापसा आठ-दहा किलोमीटर, म्हणजे तसं हाकेच्या अंतरावर, पण खरं सांगायचं तर चार वर्षांत मी या बाजारात दहा वेळासुद्धा गेले नसेन कारण शुक्रवार म्हणजे ऑफिस आणि बिल्डिंगच्या खालीच भाजीवाला. यावेळी सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या आणि तिसऱ्या दिवसापासूनच "तुमच्यात बाजार भरतोय का न्हाई?" सुरू झालं, भाजीवाल्याकडच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कोथिंबिरीकडे त्या ज्या नजरेने बघायच्या ते बघून मीच एक सुट्टी टाकली. मेचा शेवटचा शुक्रवार, सकाळी पावणेआठला आम्ही तिथे.

एक आधी क्लिअर करते, कारण माझी पुण्याची मैत्रीण हे दोन बाजार मिक्स करते. झोले, माळा, हिप्पी पँट वगैरे मिळतो तो अंजुण्याचा, बुधवारचा. हा म्हापशाचा. इथेही टुरिस्ट येतात, कपड्यांच्या वगैरे लाईनी आहेत, पण मुळात हा बार्देश, पेडणे, डिचोलीकडच्या खेड्यातल्या बायकांचा बाजार आहे, आणि शुक्रवारी तो नेहमीच्या मार्केटच्या बाहेर रस्त्यावर, कडेकडेला सांडलेला असतो.

आणि मे एंडला तर विचारूच नका. इकडे पुरुमेंत नावाचा प्रकार असतो, पावसाळ्याची बेगमी. शब्द पोर्तुगीज आहे, प्रोव्हिमेंतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-सांडगे-चटणी करून ठेवतात तसंच, फक्त यात सुकी मासळी, खारातले आंबे, आमसुलं, मीठ, मिरच्या, कांद्यांच्या माळा असं सगळं येतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यात पाऊस असा की चार चार दिवस बाहेर पडता येत नाही, म्हणून मेमध्ये घरं भरून घ्यायची. आता फ्रिज आलाय, सुपरमार्केट आलंय, तरी गर्दी काही कमी नाही. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा या राज्याबद्दलचा आदर एकदम वाढला, तोवर त्यांना वाटायचं की इथे लोक फक्त बीचवर बसतात.

आता मुद्द्याचं. या बाजारात कोण कुठे बसलंय ते बघून खरेदी करायची. मोठा ढीग, वजनकाटा, वर ताडपत्री, टोमॅटो कोबी फ्लॉवर असं सगळंच एकाकडे, तो माल बहुतेक बेळगावचा. गोव्याची बरीचशी भाजी बेळगावहूनच येते, त्यात वाईट काही नाही, पण ती तुम्हाला रोज दाराशी मिळते, त्यासाठी म्हापशाला जायची गरज नाही. ज्यांच्यासाठी जायचं त्या बायका खाली गोणपाटावर बसलेल्या असतात, दुकानांच्या पायऱ्यांच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी, समोर तीनच वस्तू. एक फणस, दहा-बारा कैऱ्या आणि पानात गुंडाळलेली करवंदं. किंवा चार नारळ, एक वाटा अळू, आणि एका बरणीत काहीतरी काळंकाळं जे काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. कुठल्याच दुकानदाराचा माल असा विचित्र नसतो, तो परसातलाच असतो.

हे मला आधी माहीत नव्हतं का, होतं. तरी मी फसलेच. मागच्याच शुक्रवारी मी एकटी, ऑफिसला जाताना पटकन थांबले आणि आत एका मोठ्या स्टॉलवरून मानकुराद घेतले, 900 रुपये डझन, वरून बघायला एकदम फोटोतले. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, इकडे हापूसला कोणी विचारत नाही, मानकुरादच. नावाची गंमत अशी की ते पोर्तुगीज 'माल कोरादा'वरून आलं म्हणतात, म्हणजे रंग नीट न चढलेला, आणि खरंच तो फिकट पिवळाच असतो, चवीला मात्र कमाल, रेषा नाही, गोडीत एक बारीक आंबटपणा. 2023 मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. सीझनच्या सुरुवातीला याचे डझनाचे दर ऐकून चक्कर येते, मेमध्ये कुठे तो माणसात येतो. तर घरी आणून कापले, बारातल्या पाचांमध्ये कोयीजवळ अळ्या. वरून एक डाग नाही. नवरा म्हणाला प्रोटीन आहे. मी पुढचे दोन तास त्याच्याशी बोलले नाही.

यावेळी सासूबाईंनी त्या स्टॉलकडे मला जाऊच दिलं नाही, सरळ कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंसमोर उकिडव्या बसल्या. तिच्याकडे आंबे म्हणजे तीस-चाळीस, दोन-तीन जातींचे एकत्र, काहींवर चिकाचे डाग, काही लहान काही मोठे. मी आपलं तोडक्यामोडक्या कोंकणीत विचारलं की अळ्या निघतात का. ती अजिबात चिडली नाही, म्हणाली "पावस पडलो न्हय, आतां किडो आसतलोच." वळवाचे दोन पाऊस झाले की फळमाशी लागते, शेवटच्या आंब्यांचं असंच, त्याला कोण काय करणार. "कापून दितां, खावन पळय." आणि कोयती घेऊन एक आंबा उभा चिरला, अर्धा सासूबाईंना, अर्धा मला. स्वच्छ निघाला, मग दुसरा चिरला, त्यात निघाली अळी, तो तिने न बोलता मागच्या टोपलीत टाकला. 700 ला डझन दिले, वर एक जास्त. घरी त्यातले दोन गेले, पण ते गेल्याचं वाईट वाटलं नाही कारण आधीच सांगितलं होतं ना तिने. तिच्याकडे मुसराद जातीचे आंबे पण होते, त्यांचं मांगाड म्हणजे जॅम करतात, मी अर्धा डझन उत्साहात घेतले आणि ते अजून तसेच पडलेत.

मिरचीच्या गल्लीत आमचा पाऊण तास गेला, लिटरली. ज्यांच्या घरी वर्षाची चटणी होते त्यांना कळेल. सासूबाईंचं चटणीचं गणित पक्कं आहे, संकेश्वरी इतकी, ब्याडगी रंगापुरती, आणि त्यात बाहेरच्या मिरचीला प्रवेश नाही. इथे पोत्यांच्या रांगा, सगळ्या लाल, आणि प्रत्येक जण आपली 'गांवची' म्हणतोय. गोव्याच्या दोन मिरच्यांची नावं लक्षात ठेवा, काणकोणची खोला, तिला 2019 मध्ये जीआय मिळालं, आणि पेडण्याकडची हरमल, तिला 2021 मध्ये. म्हापशाला पेडणं जवळ म्हणून इथे हरमलचाच बोलबाला जास्त. महाग आहेत दोन्ही, त्यामुळे मिसळ करायचा मोह होणारच.

एका बाईसमोर दोन टोपल्या होत्या, मी हात घातला त्या टोपलीकडे बघून तीच म्हणाली, "ती ब्याडगी गो, ही गांवची." म्हणजे न विचारता सांगितलं. तिथेच सासूबाई थांबल्या. मग परीक्षा सुरू. एक मिरची उचलली, कानाशी धरून हलवली, बी खुळखुळलं म्हणजे नीट वाळलीय, देठ ओढून बघितला, मग मधोमध मोडली, कटकन आवाज आला पाहिजे, लवली तर ओल आहे. बी तळहातावर घेऊन मोजल्यासारखं बघितलं, साल उजेडाकडे धरली, आणि शेवटी तुकडा जिभेच्या टोकाला लावला. चेहऱ्यावर काही नाही. दहा सेकंद. मग उचकी. एक, दोन, तीन, थांबेचना, पदर तोंडाला, डोळ्यात पाणी, आणि ती मिरचीवाली इतकी हसायला लागली की शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन सासूबाई म्हणाल्या, "वास चांगला हाय."

भाव 900 किलो. "काय सोनं ईकतीस व्हय गं?" असं अस्सल कोल्हापुरीत, उत्तर अस्सल पेडणेकरी कोंकणीत, दोघींनाही एकमेकींचा निम्मा शब्द कळत नसावा पण मला मधे पडायची वेळच आली नाही. 850 ला ठरलं, एक किलो, आणि वजन झाल्यावर वरून एक मूठ टाकून घेतली, ती मूठही सासूबाईंनी स्वतःच भरली.

बाकीचं पटपट सांगते. आमसुलं, इकडे सोलां म्हणतात, काळी मऊ घ्या, अगदी कोरडी खडखडीत दिसली तर जुनी असू शकतात, आणि दाबून बघा, कधी कधी इतकं मीठ असतं की तुम्ही मिठाचेच पैसे देताय. खारातले आंबे, चेपणी म्हणतात, सुरकुतलेले चपटे, ते पेजेबरोबर खाल्ले की मग कळतं लोक यासाठी का जीव टाकतात. मिठाचं एक वेगळंच. मिठागरातलं जाड करडं मीठ, पावसाच्या आधीचं शेवटचं, 60 रुपयांना पाच किलोची पिशवी घेतली. छान आहे, पण सांगून ठेवते, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मी ठेवलं, ओट्याखाली, आणि पहिल्या दमट आठवड्यात खाली खारं तळं. मुंग्या नाहीत हा एक फायदा.

कांद्याची माळ नक्की घ्या, बारीक गावठी कांदे पातीसकट विणलेले, किचनमध्ये टांगली की रील बनवण्याइतकं सुंदर दिसतं आणि महिना-दीड महिना टिकतं. केळ्यांच्या बाजूला मयड्याची केळी बघितली, हातभर लांब, ती पिकल्याशिवाय खाऊ नका, मी खाल्लंय, बटाटा. पावसात परसात लावायला रोपं आणि बी विकणाऱ्या पण खूप असतात या दिवसात, सात शिरांच्या भेंडीचं बी घेतलं वीस रुपयांचं, बाल्कनीत येतंय का बघू.

सुक्या मासळीकडे सासूबाई आधी गेल्याच नाहीत कारण शुक्रवार, अंबाबाईचा वार. मी म्हटलं आई, चला मग निघू. तर म्हणाल्या, "खायाचं न्हाई, ईकत घ्यायला काय हुतंय." आणि अर्धा किलो जवळा, इकडे त्याला गालमो म्हणतात, शिवाय सुके बांगडे. बांगडा घेताना पोटाकडे वास घ्या, नुसता खारट आला पाहिजे, कुजका आला तर सोडा. पॅकिंग म्हणजे कागद आणि वर पिशवी, त्यामुळे एसी कार असेल तर डिकीत टाका, पुढचे तीन दिवस गाडीत बसणारा प्रत्येक जण विचारत होता.

नावडलेलं. ऊन, साडेनऊनंतर उभं राहवत नाही, त्यामुळे साडेसात ते नऊ हीच वेळ, उशिरा आलात तर चांगला माल गेलेला आणि डोकं पण गेलेलं. पार्किंग विसरा. आम्ही गाडी लांब लावली आणि परत येताना चौदा किलो सामान दोघींनी उचललं, सरळ बसने या, स्टँड बाजाराला लागूनच आहे. यूपीआय मोठ्या दुकानात चालतं, खाली बसलेल्यांपैकी काहींकडे कोड आहे काहींकडे नाही, दहा-वीसच्या नोटा ठेवा, पाचशेची दिली की ती बाई शेजारणीकडे, शेजारीण तिच्या शेजारणीकडे, आणि तुम्ही उन्हात. आणि भाव करा पण गोणपाटावरच्या म्हातारीशी पाच रुपयांसाठी नको हो, तिने करवंदं स्वतः काट्यातून काढलेली असतात.

एका कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा आणि भाजी-पाव घेतला, चहा पाणचट आणि पाव कालचा होता, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सासूबाई रविवारी कोल्हापूरला गेल्या, मिरच्या हँडबॅगेत, मांडीवर. परवा फोन आला. निम्मी संकेश्वरी निम्मी हरमल घालून डंकावर चटणी कांडून आणली, रंग थोडा कमी आलाय पण शेजारच्या काकूंनी वाटीभर नेली आणि दुसऱ्या दिवशी मिरचीचा पत्ता विचारायला आल्या. त्यांच्यासाठी दोन किलो घेऊन ठेव, आणि त्याच बाईकडनं घे, दोन टोपल्यावाली, असं सांगितलंय. बाहेर धो धो पाऊस लागलाय. शुक्रवारी छत्री घेऊन जाते, ती बसली असेल तर घेते.