हवामान खात्याची इशारा सेवा: सिंहगड रोडवरून अभिप्राय

सेवा म्हणजे भारतीय हवामान खात्याचं बुलेटिन आणि त्यांचं 'मौसम' ॲप. दोन्ही फुकट. मी पुण्यात सिंहगड रोडला मुठा नदीच्या काठाजवळ राहते, माहेर कोकणातल्या श्रीवर्धनचं. त्यामुळे घर सोडायचं की थांबायचं हे आमच्याकडे या सेवेवर ठरतं, आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय.

बुलेटिन वाचायला रुक्ष आहे, पण त्यात गावांची नावं असतात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी बघत होते ते चॅनेल दिवसभर मुंबईवरच होतं. मरीन ड्राइव्हच्या लाटा, रेनकोटातला वार्ताहर, खाली लाल पट्टी. बुलेटिनमध्ये मात्र सरळ लिहिलं होतं की वादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ, ३ जूनच्या दुपारी किनारा ओलांडेल. वारा ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. आई फोनवर म्हणाली, "अगं, सगळं मुंबईचं सांगतायत, आपल्याकडे कशाला येतंय?" मी तिला ते वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. आमच्या जवळचं हरिहरेश्वर म्हटल्यावर मात्र तिने पुढे वाद घातला नाही. घराची कागदपत्रं, बीपीच्या गोळ्या, विजेरी पिशवीत घातली आणि शेजारच्या काकूंना घेऊन शाळेच्या स्लॅबच्या इमारतीत गेली. वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यातच जमिनीवर चढलं. आमच्या घराची कौलं गेली, वाडीतल्या पोफळी मधोमध मोडून पडल्या. मुंबई बरीचशी वाचली, म्हणून टीव्हीवर 'धोका टळला' सुरू झालं, तेव्हा श्रीवर्धनला फोन लागत नव्हता.

चॅनेलवाले घाबरवतात यापेक्षा ते भलत्याच माणसांना घाबरवतात याचा मला राग येतो.

पुण्यात हा घोळ रंगांचा होतो. हवामान खातं पुण्याचा इशारा दोन भागांत देतं, एक पुण्याचा आणि एक पुण्याच्या घाटमाथ्याचा. लाल रंग बहुतेक वेळा घाटमाथ्याला असतो. पडद्यावर येतं 'पुण्याला रेड अलर्ट'. मग शहरात दिवसभर भुरभुर, आणि संध्याकाळी कट्ट्यावर 'यांचं नेहमीचंच' म्हणून चर्चा संपते. पुढच्या लाल रंगाकडे कोण बघणार? नदीपासून लांबच्या कात्रज-कोंढव्याच्या माणसाने दुर्लक्ष केलं तर एक वेळ चालेल. आम्हा नदीकाठच्या लोकांना मात्र शहराच्या रंगापेक्षा घाटमाथ्याचाच रंग महत्त्वाचा. खात्याच्या भाषेत अत्यंत जोरदार पाऊस म्हणजे २४ तासांत २०४.४ मिमीच्या वर. तो टेमघर, वरसगाव, पानशेत या धरणांच्या डोंगरांत पडतो. वरची धरणं भरत आली, किंवा खडकवासल्याच्या आसपासच आभाळ फाटलं, की सगळं पाणी खडकवासल्यात येतं. चारही धरणं मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यात खडकवासला दोन टीएमसीलाही किंचित कमी. ते पाणी धरून ठेवायला जागाच नाही, मुठेत सोडावंच लागतं. म्हणजे पाऊस पडतो तिकडे आणि पार्किंग बुडतं आमचं.

२५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट पाणी) घरात गेला आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांना बोटीतून काढावं लागलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आकडा फिरत होता, पण ३५ हजार म्हणजे आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत, हे कुणालाच सांगता येईना. त्याच ग्रुपवर धरण फुटल्याची अफवाही आली. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते बघितलेली माणसं अजून आमच्या गल्लीत आहेत. त्यांच्या घरात अशी अफवा काय करते ते मी त्या सकाळी पाहिलं. एक आजोबा चप्पल न घालता रस्त्यावर येऊन उभे होते.

सासूबाईंचे गुडघे असे आहेत की रात्री तीन वाजता कमरेभर पाण्यातून त्यांना नेणं अशक्य. म्हणून घाटमाथा लाल आणि विसर्ग चढता, असं दोन्ही एकदम दिसलं की उजेडातच त्यांना कोथरूडला जाऊबाईंकडे पोचवतो आणि गाडी वडगावच्या चढावर नेऊन लावतो. पुष्कळदा पाणी येत नाही. "उगाच हलवलंत मला," असं त्या म्हणतात. म्हणू देत. ॲपमधला पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि रडारचं चित्र मी रात्री बघते, पण माणसं हलवण्याच्या निर्णयाला तीन तास अपुरे आहेत. तो घाटमाथ्याच्या रंगावर आदल्या दिवशीच घ्यावा लागतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण वादळाचं सविस्तर बुलेटिन इंग्रजीत आणि हेक्टापास्कलने, म्हणजे हवेच्या दाबाच्या आकड्यांनी, भरलेलं असतं. आईला ते कुणीतरी वाचून सांगावंच लागतं. किनाऱ्यावरच्या माणसाला मराठीत चार ओळी पुरतील: कुठे, कधी, वारा किती, पाणी किती चढेल.

दुसरी एक गोष्ट एकट्या हवामान खात्याच्या हातातली नाही, तरी लिहिते. नणंदेचा मुलगा फ्लोरिडात टँपाला असतो. तिथे समुद्राचं पाणी किती आत शिरेल यावरून वस्त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली आहेत. आपला पत्ता टाकला की आपलं अक्षर कळतं, आणि घर सोडण्याचा आदेश अक्षराच्या नावाने निघतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाच्या वेळी तो 'ए'मध्ये होता, म्हणून कुटुंबासकट निघाला. वादळाचा डोळा दक्षिणेला 'सिएस्टा की' नावाच्या बेटावर चढला आणि टँपाच्या खाडीतलं पाणी वाढण्याऐवजी उलट ओसरलं. नणंदबाई इथून विचारत होत्या, मग एवढा खर्च करून गेलात कशाला? त्याने सांगितलं की अंदाजाच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा जो पंखा काढतात, तो वादळाचा मध्य कुठून जाऊ शकेल एवढंच दाखवतो, आणि तीनपैकी साधारण एका वेळी मध्य त्याच्याही बाहेर जातो. पुढच्या वेळीही तो निघणार आहे.

मुठेच्या काठाला असं अक्षर मिळायला हवं. २० हजार क्युसेकला कुठली गल्ली, ३० हजारला कुठली, ४० हजारला कुठली, हे पावसाळ्याआधी प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर रंगवलेलं असावं. विठ्ठलवाडीपासून पुलाच्या वाडीपर्यंत कुणाला हे काम पुढे न्यायचं असेल तर आमच्या सोसायटीच्या जिन्यावर २०२४ च्या पाण्याची खूण अजून आहे. मोजमाप तिथून सुरू करता येईल.