घरचा सर्व्हर: रास्पबेरी पाय ५ की एन१०० मिनी पीसी?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सर्व्हरला (घरचे फोटो, व्हिडिओ साठवून सगळ्यांना पुरवणारा, कायम चालू असलेला संगणक) जागा एकच, देवघराशेजारचं भिंतीतलं कपाट. आधी तिथे रास्पबेरी पाय ५, म्हणजे एका बोर्डावर मावणारा छोटा संगणक, होता. रिकामा असताना जेमतेम ३-४ वॅट खातो. पण नुसत्या बोर्डाच्या किमतीवर जाऊ नका. ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर, पंखा, डबी, एसएसडीसाठी (हार्ड डिस्कऐवजी वापरायची चिपवाली डिस्क) वेगळी पट्टी... चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! मी एसएसडी टाळून मेमरी कार्डावर भागवलं. मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली, आली, आणि कार्ड कामातून गेलं. "मुंजीचे फोटो गेले का रे?" आईचा पहिला प्रश्न. (फोनमध्ये होते, वाचलो.)

मग इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी आणला. रिकामा असताना ८-१० वॅट. फरक ६ वॅटचा धरला तरी वर्षाला साधारण ५३ युनिट, गीझरपुढे किरकोळच. बदल्यात एसएसडी आतच बसते, आणि क्विक सिंकमुळे (इंटेलच्या चिपमधली व्हिडिओ रूपांतराची सोय) बाबांच्या जुन्या टीव्हीसाठी व्हिडिओ चालता चालता त्याला झेपेल अशा फॉरमॅटमध्ये बदलून मिळतो. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोडरच (असं रूपांतर करणारा चिपमधला वेगळा भाग) नाही, सगळा भार प्रोसेसरवर.

सेन्सर जोडायच्या पिना मात्र पायलाच. तो आता गच्चीवर टाकीतलं पाणी मोजतो.